सोमवार सुटला म्हणून एम-थ्री राहिला?

निकाल लागून दोन दिवस झाले होते. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातली एक मुलगी माझ्या केबिनच्या दारात येऊन उभी राहिली. "मॅडम, एम-थ्री राहिला." एम-थ्री म्हणजे गणिताचा तिसरा पेपर. मी गणित शिकवते, त्यामुळे एम-थ्री राहिलेली मुलं माझ्याकडे येणं हे दर निकालाला ठरलेलं. मी खुर्ची पुढे सरकवली आणि उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवायची का, रिव्हॅल्युएशनला टाकायचं का, असं बोलायला लागले. तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "मी सोळा सोमवार धरले होते. अकराव्या सोमवारी सबमिशन होतं. रात्रभर जागरण झालेलं, सकाळी चक्कर यायला लागली म्हणून कँटीनमध्ये वडापाव खाल्ला. त्यामुळे असेल का?"

मी म्हटलं, "अगं, तसं काही नसतं." ती "हो मॅडम" म्हणाली आणि गेली.

त्या "हो मॅडम"ने मला बरेच दिवस झोप लागू दिली नाही. माझं उत्तर चूक नव्हतं, पण तिच्या काही कामाचंही नव्हतं. तिचं दुःख दुहेरी होतं. विषय राहिला हे एक. आणि या परक्या शहरात, तीन अनोळखी मुलींबरोबर एका खोलीत राहताना जो एकटा तिच्या बाजूने होता असं तिला वाटत होतं, तोही रागावला, हे दुसरं. मी पहिल्यावर फोटोकॉपीचा उपाय सांगितला आणि दुसऱ्याला हात न लावता तिला परत पाठवलं.

विद्यार्थ्यांचा ताण आणि अध्यात्म हा विषय निघाला की आमच्या स्टाफरूममध्ये लगेच दोन बाजू पडतात. एका बाजूचं म्हणणं, घरातून संध्याकाळची दिवेलागण गेली, शुभंकरोती गेली, म्हणून मुलं कमकुवत झाली. त्यांना ध्यान-प्राणायाम शिकवा, ताण आपोआप जाईल. दुसरी बाजू म्हणते, देवधर्म घरी ठेवा, इथे समुपदेशक द्या. दोन्हीकडची माणसं कळकळीची आहेत. पण मुलं जे सांगतात ते या दोन्हींपैकी कुठल्याच खणात बसत नाही. वीस-बावीस वर्षं त्यांचं ऐकून माझं एक मत झालं आहे. अध्यात्म मुलांना खरोखर सावरतं. मात्र ते मुलाने स्वतःहून धरलेलं असावं लागतं, त्यात माणसांची सोबत असावी लागते आणि निकालाशी त्याचा सौदा जोडलेला नसावा लागतो. आणि जो ताण संस्थेने निर्माण केला आहे, त्यावर संस्थेने अध्यात्माचा लेप लावू नये.

आधी पुराव्याचं बोलू, कारण या विषयात पुरावा फार ढिलेपणाने वापरला जातो. विद्यापीठातल्या मुलांना एकदाच प्रश्नावली द्यायची, त्यात अध्यात्माचे गुण आणि ताणाचे गुण काढायचे आणि दोघांचा सहसंबंध मांडायचा, असे अभ्यास जगभर शेकड्याने होतात. बहुतेकांत अध्यात्म जास्त तिथे ताण थोडा कमी, असं दिसतं. पण परीक्षेच्या आदल्या दिवशी गणपतीच्या देवळाबाहेर हॉलतिकीट घेऊन उभ्या असलेल्या मुलांची पाहणी केली, तर चित्र उलटं येईल. तिथे सगळ्यात मनापासून हात जोडणारी मुलंच सगळ्यात घाबरलेली असतील. म्हणून प्रार्थनेने भीती वाढते असं कुणी म्हणणार नाही. छत्र्या जास्त दिसल्या म्हणून पाऊस छत्र्यांनी आणला, असं आपण म्हणत नाही. एकदाच घेतलेल्या मोजमापातून कशामुळे काय झालं हे कळत नाही, हे मी पहिल्या वर्षाला शिकवते. वर्तमानपत्रातल्या मथळ्यांना मात्र ते लागू करायचं आपण विसरतो.

यापुढे जाऊन काम केलेली माणसं आहेत. केनेथ पार्गामेंट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने माणूस संकटात देवाकडे कसा वळतो, याचे प्रकार पाडले. देव माझ्याबरोबर आहे, यातून काही शिकायचं असेल, माझी माणसं माझ्यासाठी प्रार्थना करताहेत, असं धरून चालणारा माणूस सहसा अधिक सावरलेला असतो. देव मला शिक्षा करतोय, त्याने माझी साथ सोडली, असं वाटणारा माणूस अधिक खचलेला असतो. देव तोच, श्रद्धाही कदाचित तितकीच खोल, पण परिणाम विरुद्ध. हे वाचलं तेव्हा मला ती ओढणी गुंडाळणारी मुलगी आठवली. तिची श्रद्धा कमी नव्हती, तिला शिक्षा झाल्यासारखं वाटत होतं. तिला "श्रद्धा ठेव" म्हणणं जितकं निरुपयोगी, तितकंच "हे सगळं सोड" म्हणणंही.

शरीराच्या बाजूनेही यात तथ्य आहे. २००१ साली इटलीतल्या संशोधकांनी २३ निरोगी माणसांना जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे' हा मंत्र म्हणायला लावून त्यांचा श्वास आणि हृदयाची लय मोजली. दोन्हीत श्वास मिनिटाला साधारण सहावर आला आणि हृदयाची लय सुधारली. आपल्या आज्ज्या हरिपाठ संथ लयीत का म्हणत असतील, याचं एक उत्तर यात मला दिसतं. ओरल परीक्षेच्या रांगेत हात गार पडलेल्या मुलाने पाच मिनिटं संथ नामस्मरण केलं तर त्याच्या शरीराला खरोखरच फायदा होतो. यावर कुणी हसू नये.

मग हे सगळ्यांना सक्तीने का शिकवू नये? इथे ब्रिटनमधले दोन प्रयोग शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. केंब्रिज विद्यापीठात ६१६ विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांना आठ आठवड्यांचा सजगतेचा, म्हणजे माइंडफुलनेसचा वर्ग दिला आणि परीक्षेच्या दिवसांत त्यांचा ताण इतरांहून कमी भरला. ही मुलं आपणहून नाव नोंदवून आली होती. दुसरा प्रयोग ब्रिटनमधल्याच ऐंशीहून अधिक शाळांत, आठ हजारांवर मुलांवर झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. इथे पूर्ण वर्गाला वेळापत्रकात तास लावून तेच शिकवलं. फायदा दिसला नाही. बऱ्याच मुलांनी घरी कधी सरावच केला नाही. वयात फरक होता हे मान्य. तरीही मागितलेलं आणि लादलेलं यांतलं अंतर मला यात दिसतं. हजेरीपत्रकावर सही घेऊन मिटायला लावलेले डोळे उघडायची वाट बघत असतात, हे कुठलाही शिक्षक सांगेल.

आता आपल्या मातीतलं बोलते.

आषाढात ज्ञानोबांची पालखी पुणे सोडून दिवेघाट चढते आणि सासवडला मुक्काम करते. विद्यापीठाचे एनएसएसचे, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचे, विद्यार्थी दरवर्षी 'स्वच्छ वारी, स्वस्थ वारी' अशा उपक्रमांत वारीबरोबर असतात. पत्रावळ्या वाटतात, उष्ट्या गोळा करतात, रस्ते झाडतात. एका वर्षी आमची तुकडी सासवडला होती. त्यात एक मुलगा होता, वर्ष गेलेला. त्याच्या भाषेत 'वायडी'. बरोबरचे सगळे तिसऱ्या वर्षाला गेलेले, हा घरी बसलेला. आईवडिलांना सांगितलेलं नव्हतं. एनएसएसला नाव द्यायचं कारणही भाविकपणाचं नव्हतं. खोलीत बसवत नव्हतं इतकंच. दुपारी जेवणाच्या पंगतीनंतर तो पत्रावळ्या उचलत होता. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, हाताला आमटीचा वास. एक सत्तरीची बाई उठली, पदर सावरला आणि वाकून तिने त्याच्या पायाला हात लावला. "दमलासा माउली," म्हणाली. तो दचकून मागे सरला, "अहो आजी, हे काय," म्हणाला. ती हसली आणि टाळ उचलून दिंडीत गेली. वारीत सगळेच एकमेकांच्या पाया पडतात, तिच्या लेखी त्यात विशेष काही नव्हतं. तो मात्र हातातली पत्रावळ तशीच धरून बराच वेळ उभा होता.

परतताना बसमध्ये तो मला म्हणाला, "मॅडम, सहा महिन्यांत मला कुणी नुसतं विचारलंपण नव्हतं. आणि त्या पाया पडल्या." त्या आठवड्यात त्याने घरी फोन करून वर्ष गेल्याचं सांगितलं.

यात त्याला काय मिळालं असेल? मनःशांती म्हणणार नाही. शांत तो अजिबात झाला नव्हता, बसमध्ये रडला. त्याला एक मोजपट्टी मिळाली, जिच्यावर सीजीपीए नव्हता. आपल्या मुलांचा सगळा दिवस मोजण्यात जातो. सीईटीचे पर्सेंटाइल, कॅप राउंडचा कट ऑफ, प्लेसमेंटचं पॅकेज, स्पर्धा परीक्षेचे किती अटेम्प्ट झाले. पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून अभ्यासिकेत दहा-बारा तास बसणाऱ्या मुलाला गावी गेलं की एकच प्रश्न येतो, "काय झालं मग?" अशा मुलाला, निकाल काहीही लागला तरी तू माउलीच, असं सांगणारी जागा असणं हे मोठं औषध आहे. अध्यात्माचं विद्यार्थ्याच्या ताणाशी नातं असलंच, तर ते मला इथे सापडतं. बाकी श्वास, जप, ध्यान हे त्याचे मदतनीस.

संतांकडे आपण हल्ली 'पॉझिटिव्ह' राहण्याचे सुविचार मागायला जातो, याचं मला वाईट वाटतं. तुकोबांचं तारुण्य दुष्काळात होरपळलं. व्यवहारात दिवाळं निघालं, पहिली बायको अन्न अन्न करत गेली. हे त्यांनी स्वतःच अभंगात सांगून ठेवलं, लाज वाटली तेही सांगितलं. सगळं छान चाललंय असं त्यांनी कधी दाखवलं नाही. देवाशी भांडले, रुसले. माझ्या मते आजच्या मुलाला तुकोबांकडून घ्यायचं असेल तर ते हे, की खचलेलं असणं मोठ्याने बोलता येतं आणि त्याने भक्ती बाटत नाही.

आणि अध्यात्म म्हटलं की फक्त वारी आणि देऊळच डोळ्यांपुढे आणू नये. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, त्यातून आलेली पिढ्यांची ताकद विद्यार्थ्यांच्या आयुष्यात आजही रोज कामाला येते. कितीतरी गावांत, वस्त्यांत बुद्धविहार हीच मुलांची अभ्यासिका आहे. घरात एकच खोली, टीव्ही चालू, धाकटी भावंडं. मग वही घेऊन विहारात. दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलपुढे लागणारी गर्दी मी पाहिली आहे. घराण्यात पहिल्यांदा विद्यापीठाची पायरी चढलेल्या मुलीला वसतिगृहात कुणी आडनावावरून टोमणा मारला, तर तिला ताठ उभं ठेवणारी गोष्ट तिथून येते. तिला ध्यानाचं अ‍ॅप देऊन भागणार नाही. तिच्या ताणाचं कारण तिच्या श्वासात नाही, टोमणा मारणाऱ्याच्या तोंडात आहे.

इथून मी माझ्या तक्रारीकडे येते. माझ्या पाहण्यातल्या एका संस्थेत एकदा परीक्षेचं वेळापत्रक असं लागलं की सहा दिवसांत पाच पेपर. मुलांनी अर्ज दिला. अर्जावर उत्तर आलं नाही. त्याच आठवड्यात सभागृहात 'तणावमुक्त जीवन' या विषयावर व्याख्यान मात्र ठेवलं गेलं, हजेरी सक्तीची. वक्ते चांगले होते, मनापासून बोलले. स्वीकार, समर्पण, फळाची आशा न धरता कर्म. दोन तास मुलं मांडीवर नोट्स लपवून वाचत होती. गीतेतलं निष्काम कर्म ही अर्जुनाला सांगितलेली गोष्ट आहे. वेळापत्रक लावणाऱ्याने ती वेळापत्रकाखाली दबलेल्याला सांगायची नसते. निकाल महिनोन्महिने लांबला, शिष्यवृत्तीचे पैसे वर्ष संपत आलं तरी खात्यात आले नाहीत, मेसचा महिना थकला, तर त्या मुलाला येणारा ताण ही त्याच्या मनाची कमजोरी नव्हे. त्याला अंतर्मुख व्हायला सांगणं म्हणजे आपली जबाबदारी त्याच्या माथी मारणं.

हा विषय किती गंभीर आहे हे आकडे सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांत सर्वाधिक, १,७६४, महाराष्ट्रातले. संतांची भूमी म्हणून आपण जे अभिमानाने सांगतो, त्या भूमीचा हा आकडा आहे. तो वाचून, आपल्याकडे अध्यात्म पुरेसं नाही म्हणून असं होतं, असं कुणी म्हणालं तर मला ते पटणार नाही. अध्यात्म इथे घरोघरी आहे. त्या मुलाशेजारी वेळेवर बसायला माणूस नव्हता.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. कर्मचाऱ्यांचं वर्षातून दोनदा प्रशिक्षण हवं. टेलीमानससारख्या मदतवाहिन्यांचे क्रमांक वसतिगृहात, वर्गात, ठळक अक्षरांत लावलेले हवेत. टेलीमानसचा क्रमांक १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. आपल्या कॉलेजच्या जिन्यात तो दिसतो का, हे वाचणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने उद्या पाहावं. व्याख्यानाचा फ्लेक्स लावायला जागा मिळते, तर याला का मिळू नये?

श्रद्धाळू माणसांनाही एक कळकळीचं सांगणं आहे. नैराश्य हा आजार आहे. मुलगा दोन-तीन आठवडे झोपत नाही, जेवत नाही, आवडीच्या गोष्टीत लक्ष नाही, जगून काय करू म्हणतो, तेव्हा त्याला डॉक्टरकडे न्या. पोथी हवी तर नंतर वाचा, हवी तर सोबतीने वाचा. इगतपुरीच्या धम्मगिरीत १९७६ पासून विपश्यनेची शिबिरं होतात. दहा दिवस, पहाटे चारची घंटा, मौन, फोन आधीच जमा, शुल्क नाही. कित्येकांना त्यातून लाभ झाला आहे. पण प्रवेशअर्जातच ते मानसिक आजाराबद्दल विचारतात आणि गंभीर मनोविकार असलेल्यांना शिबिर करू नका असं सांगतात. ध्यान शिकवणाऱ्यांना ध्यानाची मर्यादा माहीत आहे. ती आईवडिलांना आणि प्राचार्यांनाही कळायला हवी. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा गावच्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा आणि दुआ' असा उपक्रम चालला. बाधा उतरवायला आलेल्या माणसाची दुआ व्हायची आणि तिथले मुजावरच त्याला शेजारच्या मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायचे. आपल्या कीर्तनकारांना, विहारातल्या भंतेजींना, चर्चच्या फादरना, मशिदीच्या इमामांना असं प्रशिक्षण द्यायला काय हरकत आहे? मुलं त्यांच्याकडे जातात. आमच्याकडे येण्याच्या कितीतरी आधी जातात.

कॉलेजांकडून मला जास्त काही नको. एक समुपदेशक, ज्याच्या दारावर 'समुपदेशन कक्ष' अशी मोठी पाटी नसेल, कारण त्या पाटीखालून आत जाताना मुलं चार वेळा मागे बघतात. एक रिकामी खोली, चटया टाकलेली. तिथे कुणी ध्यान करेल, कुणी नमाज पढेल, कुणी नुसतं पाय पसरून बसेल. कुणी विचारायला येणार नाही. आणि वेळापत्रक, निकाल, शिष्यवृत्ती वेळेवर. यातली तिसरी गोष्ट झाली तर पहिल्या दोन्हींवरचा भार निम्मा होईल असं मला वाटतं.

ती एम-थ्रीवाली मुलगी पुढच्या सत्रात पुन्हा आली, गणितं सोडवायला. या वेळी मी आधी फोटोकॉपीचं बोलले नाही. विचारलं, "अजून रागावलाय का गं तो तुझ्यावर?" ती आधी गोंधळली, मग बराच वेळ बोलली. घरचं, रूमचं, वडिलांच्या कर्जाचं. एम-थ्री त्यात जेमतेम दोन मिनिटं आला. समुपदेशकांकडे मी तिच्याबरोबर गेले, बाहेर बाकावर बसून राहिले.

काही महिन्यांनी ती म्हणाली, सोमवार पुन्हा धरलेत. मी जरा काळजीनेच विचारलं, "एम-थ्रीसाठी?"

"नाही मॅडम," ती म्हणाली. "मेसमधल्या आम्ही पाचजणी जातो महादेवाला. येताना पायऱ्यांवर बसतो तासभर. तेवढंच बोलणं होतं आमचं आठवड्यात. एक तर उपासही धरत नाही, नुसती बसायला येते."